वाइनच्या दुकानातून बारापेडेपर्यंत

आमच्या शाळेच्या निसर्ग मंडळाची स्मरणिका काढायचं ठरलं, तेव्हा त्यात एक लेख मुंबईच्या एका जुन्या संस्थेवर हवाच, असा हट्ट मी धरला. संपादक मंडळातल्या तरुण सहकाऱ्यानं सरळ विचारलं, "सर, शाळा बेळगावची, मुलं बेळगावची, डोंगर खानापूरचा. मग बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा इतिहास आपण का छापायचा? त्यांनी आपल्याला दिलं काय?" प्रश्न रास्त होता. ग्रंथालयातली पाचसात पुस्तकं सोडली तर आमच्या मंडळाचं आणि त्या सोसायटीचं कागदोपत्री नातं काहीच नाही. मी त्याला एवढंच म्हटलं, "तळेवाडीजवळच्या गुहेत एक वटवाघूळ राहतं. त्याचा माग काढत मागं मागं जा. कुठं पोचतोस ते बघ." तो काही पोचला नाही, सहामाही परीक्षा आडव्या आल्या. शेवटी मीच निघालो.

ती गुहा म्हणजे बारापेडे. खानापूरच्या पुढं, भीमगडच्या रानात. तिथल्या वटवाघळाचा नमुना लंडनच्या संग्रहालयात ओल्डफील्ड थॉमस यांच्या टेबलावर पोचला आणि ही जात विज्ञानाला नवी आहे, असं त्यांनी १९१३ साली जाहीर केलं. नाव ठेवलं ओटोमोप्स रॉटनी. कान भलेमोठे, कपाळावरून पुढं झुकलेले. अंग गडद तपकिरी, मानेमागं फिकट पट्टा. शेपटी मागच्या पायांमधल्या पडद्यातून निसटून बाहेर आलेली. पुढची जवळजवळ नव्वद वर्षं हे वटवाघूळ बारापेडेखेरीज जगात कुठंही सापडलं नाही. मग कंबोडियात एक मिळालं, मेघालयात काही मिळाली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी बहुतेक वटवाघळं उंदीर-घुशींच्या रांगेत, 'उपद्रवी' म्हणून बसवली होती. आमचं हे कीटकखाऊ वटवाघूळ मात्र वाघाबरोबर पहिल्या परिशिष्टात होतं. बेळगावची खासियत विचारली की कुंदा आणि मांडे ही उत्तरं पहिलीतलं पोरसुद्धा देतं. 'वटवाघूळ' हे उत्तर मला अजून एकाही वर्गात मिळालेलं नाही.

आता रॉटन कोण? रॉबर्ट चार्ल्स रॉटन हा मुंबई इलाख्याच्या वन खात्यातला अधिकारी. निवृत्त होऊन विलायतेला गेला आणि तिथल्या संग्रहालयात बसून हिंदुस्थानातून येणाऱ्या उंदीर-खारींची, वटवाघळांची वर्गवारी करत राहिला. नमुने पाठवत होती बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी. १९११ मध्ये तिनं देशभरातल्या सस्तन प्राण्यांचं सर्वेक्षण काढलं, ते बारा वर्षं चाललं. खानदेशापासून सुरुवात झाली, मग धारवाड, कानडा असं करत पुढं. संस्थेकडे पैसा नव्हता. संस्थानिकांनी दिला, सभासदांनी दिला. जागोजागच्या कलेक्टरांनी आणि वनाधिकाऱ्यांनी मुक्कामाची सोय केली. लंडनच्या संग्रहालयानं नावं ठेवली. सोसायटीनं स्वतःचं असं काय घातलं म्हणाल, तर चार माणसं पगारावर ठेवली आणि सगळ्यांची पत्रं एका टेबलावर आणली. मला ही संस्था आवडते ती याच कारणासाठी. तिच्या सव्वाशेहून जास्त वर्षांत असं एकही मोठं काम नाही, जे तिनं एकटीनं केलं.

सुरुवातच उसनी. १५ सप्टेंबर १८८३ ला आठजण भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात जमले. आपापल्या टिपणवह्या आणि जमवलेले नमुने एकमेकांना दाखवावेत, गप्पा माराव्यात, एवढाच बेत. सहाजण साहेब, दोघे मराठी डॉक्टर. एक आत्माराम पांडुरंग. मराठीचं व्याकरण लिहिणाऱ्या दादोबांचे हे धाकटे भाऊ. १८६७ मध्ये प्रार्थना समाज त्यांच्याच घरी उभा राहिला. दुसरे सखाराम अर्जुन. ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधी वनस्पतींची यादी त्यांनी १८७९ मध्ये छापली होती. रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून आपण त्यांना ओळखतो. झाडपाल्याचे अभ्यासक म्हणून ओळखत नाही. सोसायटी निघाल्यावर दोनच वर्षांत ते गेले. ते आणखी वीस वर्षं जगले असते, तर या संस्थेच्या कारभारात मराठी किती वाढली असती, असा विचार माझ्या मनात येतो. पण जर-तरच्या शेतात पीक येत नाही.

महिन्याच्या महिन्याला म्युझियममध्ये जमायचं आणि नमुने परत घरी न्यायचे, हे फार दिवस चालणारं नव्हतं. हर्बर्ट फिप्सन नावाचा वाइनचा व्यापारी होता. १८८४ च्या जानेवारीत त्यानं फोर्ब्स स्ट्रीटवरच्या आपल्या पेढीतली एक खोली देऊ केली. दोन वर्षांनी पेढी अपोलो स्ट्रीटला गेली, पाठोपाठ साप, पाली, पेंढा भरलेली हरणंही गेली. पुढं कित्येक दशकं देशातली ही सर्वांत मोठी निसर्ग-संस्था दारूच्या पेढीत भाडेकरू म्हणून राहिली. शाळेतल्या मुलांना हे सांगितलं की ती हसतात. हसू देत. विज्ञान म्हणजे पांढरा कोट आणि काचेची नळी, हे डोक्यातलं चित्र पुसायला याहून चांगला फडका मला सापडलेला नाही.

त्या पेढीतला सर्वांत प्रसिद्ध कर्मचारी आपल्या बाजूचा होता. १८९४ मध्ये कारवारच्या एका साहेबानं महाधनेशाचं तीन महिन्यांचं पिल्लू पाठवलं. त्याचं नाव विल्यम. सचिवाच्या खुर्चीमागं त्याचा पिंजरा. गंमत म्हणून त्याला 'ऑफिस कॅनरी' म्हणत. कॅनरी हा चिमणीएवढा पक्षी, आणि हे धूड चार फुटांचं! सव्वीस वर्षं तो तिथं राहिला. एकदा पेटता सिगार गिळला, काही झालं नाही. १९२० मध्ये तारेचा तुकडा गिळला आणि त्यात गेला म्हणतात. १९३३ मध्ये सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवात त्याचीच जात बोधचिन्हावर आली, आणि १९६५ मध्ये सोसायटीला स्वतःची इमारत मिळाली, तिचं नावच 'हॉर्नबिल हाउस'. कारवार, दांडेली, भीमगड हा सारा एकच जंगलपट्टा. विल्यमच्या जातीला कन्नडमध्ये मंगट्टे म्हणतात, आपण धनेश म्हणतो. आमच्या मुलांनी हा पक्षी पहिल्यांदा पाहिला तो पुस्तकाच्या पाठीवर छापलेल्या चिन्हात. खराखुरा, पंखांचा इंजिनासारखा आवाज करत डोक्यावरून जाणारा, फार नंतर.

खरं तर सोसायटी निघायच्या आधीपासून बेळगावची पाखरं मोजली जात होती. इथल्या छावणीत बटलर नावाचा कॅप्टन होता. त्यानं दख्खन आणि दक्षिण मराठा मुलुखातल्या पक्ष्यांची यादी ह्यूम साहेबाच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात १८८१ मध्ये छापली. आज आपण ज्याला कॅम्प म्हणतो, तिथल्या झाडांखाली उभं राहून हा गृहस्थ टिपणं घेत असणार. कारवारकडे एटकिन, बेल, डेव्हिडसन ही तिकडी फुलपाखरांच्या मागं होती. त्यातला एटकिन म्हणजे मिठाच्या आणि जकातीच्या खात्यातला माणूस, सोसायटीच्या आठ संस्थापकांपैकी एक. नोकरी सरकारची, जाळं स्वतःचं.

या सगळ्यात शहरातल्या पोरासोरांना जागा कुठं होती? नव्हती म्हटलं तरी चालेल. मग साधारण १९०८ मध्ये खेतवाडीतला एक अनाथ मुलगा छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेली चिमणी घेऊन पेढीची पायरी चढला. चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता आणि घरात कुणाला ती ओळखू येईना. मामांनी सोसायटीला चिठ्ठी दिली होती. समोर होता सचिव मिलार्ड. त्यानं पोराला हाकललं नाही. कपाटं उघडली, ड्रॉवर ओढले, पेंढा भरलेले पक्षी हातात दिले, वाचायला पुस्तकं दिली, वर "पुन्हा ये" म्हटलं. तो मुलगा म्हणजे सलीम अली. ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिची धार गेली. मला तिच्यातली ती उघडलेली कपाटंच मोठी वाटतात. आपल्याकडे शाळांच्या प्रयोगशाळेतली कपाटं बहुतेक कुलपात असतात आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते रजेवर असतात.

मुंबईत प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम उभं राहिलं, तेव्हा त्यातलं निसर्गदालन सोसायटीनं सजवून दिलं. इमारत म्युझियमची, प्राणी सोसायटीचे. प्रेटर नावाचा क्युरेटर होता, त्यानं प्राण्यांमागं त्यांचं रान उभं केलं. नुसतं काचेमागचं प्रेत दाखवण्यापेक्षा हे किती वेगळं, हे ज्यांनी दोन्ही पाहिलंय त्यांना सांगायला नको. १९२६ मध्ये त्या दालनात येणाऱ्यांना हिंडवून माहिती द्यायला माणूस नेमला, तो सलीम अली. शहरी लोकांना पगारी माणसाकडून निसर्ग समजावून देण्याचं हे आपल्याकडचं अगदी सुरुवातीचं उदाहरण असावं. पण त्या नेमणुकीचं पुढं काय झालं ते स्मरणिकेत सांगायलाच हवं. सलीम अली शिकायला बर्लिनला गेले आणि १९३० मध्ये परतले, तर जागाच रद्द! पैसे नाहीत म्हणून. वर्षानुवर्षं निसर्गशिक्षणाच्या योजना पाहिलेल्या माणसाला हे वाचून नवल वाटत नाही. काटछाट करायची म्हटली की कात्री आधी सहलीवर चालते. त्या बेकारीत सलीम अली किहीमला जाऊन सुगरणीची घरटी बघत बसले आणि त्यातून सुगरण नराच्या बहुपत्नीत्वाचा शोध लागला, हा भाग सुखाचा. पण प्रत्येक बेकार शिक्षकाला किहीम मिळत नाही.

भागीदारीचं आणखी एक उदाहरण आपल्या भागातल्या लोकांना जास्त जवळचं वाटेल. १९५७ मध्ये शिमोग्याकडे क्यासनूर गावाजवळच्या रानात माकडं मरू लागली, मागोमाग माणसं तापानं फणफणली. दोडामार्ग, खानापूरकडच्या लोकांना 'माकडताप' म्हटलं की आता वेगळं समजावून सांगावं लागत नाही. हा विषाणू परदेशातून पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडीबरोबर आला असेल का, अशी शंका तेव्हा आली. ती तपासायला जागतिक आरोग्य संघटनेनं पैसे दिले, पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राची माणसं लागली, आणि पक्षी पकडून त्यांच्या पायात नंबराची कडी घालण्याचं काम सोसायटीनं घेतलं. शंकेचं उत्तर म्हणावं तसं हाती लागलं नाही. पण हजारो पक्ष्यांच्या पायात कडी पडली आणि ते कुठून येतात, कुठं जातात, याचा हिशेब देशाला पहिल्यांदा मिळाला. रोगासाठी आलेल्या पैशातून पाखरांचं विज्ञान झालं.

या सगळ्या काळात एक गोष्ट आम्हा सीमाभागातल्या लोकांना वेगळी जाणवते. बारापेडेचं वटवाघूळ सापडलं तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होतं. मुंबईहून निघालेला माणूस खानापूरला उतरला तर तो आपल्याच प्रांतात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला रेषा फिरली. त्या रेषेवर आमच्या भागात पुष्कळ लिहून झालंय, मी त्यात भर घालत नाही. निसर्गशिक्षणापुरतं बोलायचं तर तिनं एक सोपं काम अवघड केलं. वन खात्याला द्यायचा अर्ज कन्नडमध्ये, मुलांच्या वह्या मराठीत, प्राण्याचं नाव लॅटिनमध्ये आणि पुस्तक इंग्रजीत. निपाणीच्या मुलांची गंमत आणखी निराळी. देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात; पोरगं निपाणीतून सायकलवर टांग मारतं आणि तासाला बसायला परराज्यात जातं. वेदगंगा आणि दूधगंगा मात्र सह्याद्रीतून उतरताना कुणाचा दाखला बघत नाहीत.

मुंबईत सोसायटीला शहरी मुलांसाठी खरी जागा मिळाली ती शताब्दीनंतर. गोरेगावला, चित्रनगरीला लागून, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत महाराष्ट्र सरकारनं तेहतीस एकर जमीन दिली आणि १९९३ मध्ये तिथं निसर्ग शिक्षण केंद्र सुरू झालं. जमीन सरकारची, रान शेजारच्या उद्यानाचं, मुलं मुंबईच्या शाळांची, शिकवणारी माणसं सोसायटीची. पुन्हा तोच जुना साचा. सकाळी लोकलनं येणारं पोर दुपारपर्यंत कोळ्याचं जाळं, बांडगूळ आणि बिबट्याची विष्ठा पाहून परत जातं. मी एकदा तिथं गेलो होतो. दादरच्या कुठल्याशा शाळेची पाचवी-सहावीची मुलं आली होती. एक मुलगी वाकून मुंग्यांची रांग बघत होती. मागून बाई म्हणत होत्या, "चल गं, पुढं बिबट्याचे ठसे आहेत." ती म्हणाली, "बाई, ह्यांच्याकडे साखर कुठनं आली?" बाई थांबल्या. मीही थांबलो. मुंग्यांच्या तोंडात साखर नव्हती, पांढरी अंडी होती. पाऊस येणार म्हणून बिऱ्हाड हलत होतं.

आपल्याकडे तेवढी सोय नाही, पण अगदीच काही नाही असंही नाही. भीमगड २०११ च्या डिसेंबरात अभयारण्य झालं, एकशेनव्वद चौरस किलोमीटरचं. हेमाडग्याला वन खात्याचं निसर्ग शिबिर आहे. शाळकरी मुलांना जंगलात नेणारी 'चिन्नर वनदर्शन' ही राज्याची योजना आहे. मराठी शाळांनी तिच्यासाठी अर्ज करायला हवेत, पण आम्ही ते फार उशिरा केले, हा दोष आमचाच. एनसीसीचा बेळगाव ट्रेक दरवर्षी निघतो, देशभरातून छात्र येऊन आपल्या टेकड्या तुडवून जातात. आपल्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी येळ्ळूरचा राजहंसगड शाळेच्या खिडकीतून पाहिलेला असतो, चढलेला नसतो. सहल म्हटली की गोवा.

बारापेडेच्या गुहेत आम्ही मुलांना नेलेलं नाही, नेणारही नाही. तिथं जायला परवानगी लागते, आणि ती मिळाली तरी तीस-चाळीस पोरांचे टॉर्च तोंडावर पडले की वटवाघळं जागा सोडतात. आम्ही तळेवाडीच्या वाटेवर अलीकडेच थांबलो होतो. गुरं हाकणारे एक मामा भेटले. "काय बघायला आलायसा?" आम्ही वटवाघळाचं सांगितलं. "ते व्हय! ते संध्याकाळी बाहेर पडतं. तुमी दुपारी कशाला आलायसा?" मुलं हसली. मामांनी मग एका ओळीत सांगितलं, की पावसाच्या तोंडावर ती कमी दिसतात आणि कुठल्या अंगानं उडतात. १९१३ च्या कागदात थॉमसचं नाव आहे, रॉटनचं आहे, लंडनच्या संग्रहालयाचं आहे. गुहेपर्यंत वाट दाखवणाऱ्याचं नाही. सोसायटीच्या इतिहासाबद्दल माझी तक्रार आहे ती एवढीच, आणि ती सोसायटीपुरती नाही. व्यापारी, कलेक्टर, संस्थानिक, संग्रहालय, सरकार, आरोग्य संघटना या सगळ्यांना भागीदार करून घेतलं. ज्यांच्या दारात रान होतं त्यांना मात्र हमाल म्हणून धरलं. मध्यंतरी तर तळेवाडीच्या लोकांनी रानाबाहेर पडावं असं बोलणं सुरू झालं. ते गेल्यावर वटवाघूळ कधी बाहेर पडतं, हे कुणाला विचारायचं?

हे डोक्यात होतं म्हणून आमच्या मंडळानं गेल्या पावसाळ्यात एक छोटं काम काढलं. डोंगराचं विज्ञान फळ्यावर शिकवताना आपण म्हणतो, समुद्राकडून आलेला वारा सह्याद्रीला अडतो, वर चढतो, गार होतो, पाणी टाकतो आणि पलीकडे कोरडा होऊन उतरतो. आंबोलीला वर्षाला सात-आठ हजार मिलिमीटर पाऊस, बेळगावला साधारण बारा-तेराशे, अथणीकडे त्याच्या निम्म्याहून कमी. मुलं हे पाठ करतात आणि विसरतात. मग ठरवलं की मोजायचं. सरळ भिंतीचे, सपाट बुडाचे पत्र्याचे डबे, एकाच मापाचे. एक कणकुंबीला, जिथं मलप्रभा उगम पावते, एक आमच्या शाळेच्या गच्चीवर, टिळकवाडीत, एक निपाणीला. कणकुंबीत एका मुलाची काकू, निपाणीत दुसऱ्याचे आजोबा. रोज सकाळी आठ वाजता फूटपट्टी डब्यात उभी धरायची, ओली खूण वाचायची, फोनवर सांगायचं, पाणी ओतायचं.

निपाणीचे आजोबा तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिलेले. त्यांची नोंद एक दिवस चुकली नाही. पाऊस न पडलेल्या दिवशीसुद्धा सकाळी आठला फोन, "आज निरंक." टिळकवाडीचा डबा शाळेच्या शिपायानं दोनदा झाकून ठेवला, "उगाच गंजतोय" म्हणून. कणकुंबीचा मात्र पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. दोन दिवस आकडा आलाच नाही. तिसऱ्या दिवशी काकूंचा निरोप आला, "रात्रीच भरून वाहत होता रे, म्हणून ओतून टाकला. पुन्हा ठेवला, पुन्हा भरला. आकडा कुठनं सांगू?"

वर्गात एकदम गलका झाला. पुस्तकातला सह्याद्री ज्यांना कधी समजला नव्हता, त्यांना तो त्या क्षणी समजला असावा, असं मला त्यांच्या चेहऱ्यांवरून वाटलं. एकानं फळ्यावर निपाणीच्या खाली 'निरंक' लिहिलं आणि कणकुंबीच्या खाली 'वाहिला'. मी ते दोन दिवस पुसू दिलं नाही.

यंदा मृगाच्या आधीच काकूंचा निरोप आला. डबा पुरत नाही म्हणून त्यांनी अंगणात स्वतःहून पितळी हंडा ठेवलाय. तोंड अरुंद, पोट मोठं. पाऊस मोजायला तो काही उपयोगाचा नाही. हे काकूंना सांगायला कणकुंबीला कोणी जायचं, यावर मंडळात दोन दिवस वाद चालला. शेवटी सगळेच निघाले.